छोट्या साइटवर सुरक्षिततेची सवय कशी लावावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका सात मजली निवासी इमारतीच्या कामावर साइट इंजिनियर आहे. साइटवर रोज पन्नास-साठ माणसे असतात. सेंट्रिंगची (काँक्रीट ओतण्याचा साचा उभारणारी) टोळी झारखंडची, तर गवंडी आणि बिगारी बहुतेक नांदेड-परभणीकडचे. यांतले कोणीही आमच्या कंपनीच्या पटावर नाही. काम ठेकेदाराकडे आहे आणि त्याने ते पुढे मुकादमांना चौरस फुटाच्या दराने दिले आहे. हेल्मेट, हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा, हुक असलेला पट्टा), जाळ्या हे सामान स्टोअरमध्ये पुरेसे आहे. ते वापरले जात नाही आणि काही विपरीत घडता घडता टळले तर ते आमच्यापर्यंत येत नाही, ही माझी अडचण आहे.

गेल्या महिन्यात चौथ्या मजल्याच्या परांचीवरून एक फळी सुटून खाली वाळूच्या ढिगावर पडली. तेव्हा तिथे कोणी नव्हते म्हणून निभावले. मला ते दोन दिवसांनी कळले, तेही वॉचमनकडून. याचे कारण मी येण्याच्या आधीपासून चालत आलेली दंडाची पद्धत आहे : हेल्मेट नसेल तर दोनशे रुपये, हार्नेस नसेल तर पाचशे, आणि ही रक्कम आठवड्याच्या खर्चीतून (खर्चासाठी मिळणाऱ्या उचलीतून) कापली जाते. मुकादमाला विचारले तर तो म्हणाला, “साहेब, सांगितलं असतं तर पैसे आमचेच गेले असते.” दंडाने हेल्मेट डोक्यावर येते, पण मी जिना चढताना दिसलो की येते आणि उतरलो की जाते.

हार्नेसची गोष्ट जरा वेगळी आहे. स्लॅबच्या कडेला प्लाय ठोकणाऱ्या कारागिराने मला सरळ विचारले की हुक अडकवायचा कशाला, आणि तो चुकीचे बोलत नव्हता. त्या वेळी त्याच्या आसपास कॉलमच्या वर आलेल्या सळयांखेरीज काहीच नसते. प्रॉपला (साच्याखालच्या टेकूला) हुक लावला तर पडताना प्रॉपही बरोबर येईल. आता आम्ही कॉलमच्या सळयांना वायर रोप बांधून लाइफलाइन (हुक अडकवायची दोरी) देतो, पण ती प्रत्येक स्लॅबला नव्याने बांधावी लागते, त्यात सकाळचा तासभर जातो आणि तो तास चौरस फुटावर काम करणाऱ्याच्या खिशातून जातो. याउलट डक्टच्या (पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या पोकळीच्या) बाबतीत एक साधी गोष्ट लागू पडली. आधी डक्टवर झाकलेला प्लाय कोणीतरी उचलून सेंट्रिंगला वापरायचे. आता स्लॅबची सळई डक्टमधून तशीच पुढे नेतो आणि पाइपचे काम सुरू होताना कापतो. यात कोणाच्या शिस्तीवर विसंबावे लागत नाही. पण सगळीकडे अशी सोय करता येत नाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी यांची सक्ती ५०० कामगारांपासून होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत बांधकामासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० केली आहे. आमच्यासारख्या साइट दोन्हींच्या खाली राहतात. पुण्यात येरवड्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्री उशिरा स्लॅबच्या सळयांची जाळी कोसळून पाच कामगार गेले, तेव्हा रात्रीच्या कामाची बरीच चर्चा झाली. आमचे स्लॅब आजही मध्यरात्रीपर्यंत चालतात, कारण आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या संध्याकाळी उशिरा येतात.

एक अनुभव मात्र आशादायक आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. मी पाठपुरावा करून काही जणांना तो मिळवून दिला, तेव्हापासून त्यांच्यातले दोघे-तिघे कुठली परांची हलते, कुठली वायर सोलली आहे, हे आपणहून सांगतात.

ज्यांनी अशा मधल्या आकाराच्या साइट चालवल्या आहेत, त्यांना विचारायचे आहे की दंड पूर्ण बंद केल्यावर पहिले काही आठवडे कसे गेले, आणि धोका कळवणाऱ्याला बक्षीस ठेवले तर खोट्या तक्रारी वाढतात का? लाइफलाइन बांधण्याचा वेळ चौरस फुटाच्या दरात न मिसळता मुकादमाच्या कामाच्या आदेशात वेगळी बाब म्हणून कोणी धरला आहे का? रात्रीचा स्लॅब कोणत्या वेळेनंतर थांबवायचा, हे मालकांच्या गळी कसे उतरवले? पाचव्या स्लॅबचा दर पुढच्या आठवड्यात ठरणार आहे, त्यामुळे त्या आदेशातला मजकूर कोणाकडे असेल तर तो इथे दिल्यास सर्वांत आधी उपयोगी पडेल.