मदत हवी आहे: कोल्हापूर ते नागपूर विमानाला नक्की किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी, आईला घेऊन नागपूरला लग्नाला जायचंय. तिचे गुडघे दुखतात त्यामुळे महाराष्ट्र एक्सप्रेसचा विषयच संपला, पुणे दौंड मनमाड भुसावळ असा सगळा महाराष्ट्र फिरून दुसऱ्या दिवशी पोचवते ती. म्हणून विमान बघायला बसले तर डोकंच फिरलं. एका साईटवर अंतर ७०० किमी आणि वेळ ५५ मिनिटं. मॅपवर गाडीरस्ता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. बुकिंगच्या ॲपवर थेट विमान दीड तास, आणि त्याच्याच खाली हैदराबादवरून साडेसहा तास! खरं काय मानायचं? आईला शुगर आहे, जेवण आणि गोळ्या त्या हिशोबाने बसवायच्यात. शिडी चढावी लागते का तेपण सांगा प्लीज.

उजळाईवाडीकर: ताई, ५५ मिनिटं इसरा. त्या साईटी नकाशावर सरळ रेघ मारत्यात आणि ७०० ला ८०० नं भागत्यात, झालं उत्तर. विमान काय जाग्यावरनं आठशेच्या स्पीडनं सुटतंय व्हय? तिकिटावरची वेळ म्हणजे इथं पार्किंगमधनं हलल्यापासनं तिथं जाऊन उभं राहीपर्यंत, रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. तीच धरा. फक्त विमान कुठलं हाय ते बघा. एम्ब्रेअरचं जेट असलं तर सव्वा-दीड तास, पंख्याचं एटीआर असलं तर पावणेदोनच्या आसपास, ते ताशी पाचशेनंच जातंय. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतोय.

संत्रानगरी: हैदराबादवालं आईंसोबत घेऊच नका बाप्पा. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तं बसूनच जाते. अन् दोन वेगळी तिकिटं असली तं बॅगा घेऊन परत चेक-इन करा, पहिलं विमान लेट झालं की दुसरं गेलं. नॉन-स्टॉपचा फिल्टर लावा. पण आधी लग्नाची तारीख पाहा, लहान शहरांतली विमानं रोज असतीलच असं नाही, आठवड्यातून काहीच दिवस असतात. इकडे सोनेगाव एअरपोर्ट गावातच आहे, उतरल्यावर सीताबर्डी काही लांब नाही.

मूळ प्रश्नकर्ती: धन्यवाद दोघांना. म्हणजे घर ते घर किती धरू?

उजळाईवाडीकर: दोन तास आधी पोचायचं, काउंटर तासभर आधी बंद करत्यात. मग दीड तास विमान, उतरल्यावर बॅगा, टॅक्सी. पाच तास धरून चाला. पावसाळ्यात जाणार असला तर जरा जास्तच, ढग खाली आले की उतरायला जमत नाही आणि दुसरीकडं वळवत्यात.

संत्रानगरी: शिडीचं राहिलं. एटीआरचं दार मागच्या बाजूला असते अन् पायऱ्या दारालाच जोडलेल्या, मोजक्याच पण अरुंद. एम्ब्रेअरला त्याहून थोड्या जास्त चढाव्या लागतील. बुकिंगच्या वेळीच व्हीलचेअर मागा, अन् पायऱ्या चढता येत नाहीत हे स्पष्ट सांगा, नाहीतर व्हीलचेअर पायऱ्यांपर्यंतच येते. गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी अन् थोडं खाणं हातातल्या पिशवीत. ट्रॉली बॅगेत ठेवू नका, एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात, ती बॅग दारातच काढून घेतात अन् मग उतरल्यावरच मिळते.