भुतांच्या बाजारातलं पुस्तकांचं दुकान : मोल कशात चुकवायचं?

निशाचरी :
दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतलीय, मुदत तोंडावर आहे. अवसेच्या रात्री नदीच्या पात्रात भुताखेतांचा बाजार भरतो, कोंबडा आरवला की उठतो. त्यात एका कोपऱ्याला पुस्तकांचं दुकान. दोन खर्डे फाडून झाले. पहिल्यात दुकानदार टोकदार टोपीवाला म्हातारा झाला, दुसऱ्यात नुसतं धुकं नि कंदील. आमच्याकडचं नाहीच वाटत ते! आजीचं बोट धरून मी आठवडी बाजारात फिरलेली आहे. सुकटीच्या पाट्यांपलीकडे एक जण खताच्या रिकाम्या गोणीवर व्रतकथांच्या पोथ्या मांडायचा, प्रत्येकीवर एकेक खडा, वाऱ्याने उडू नये म्हणून. मला तसं दुकान हवंय. अडलंय दोन ठिकाणी. तिथे पैसे चालणार नाहीत, मग काय चालतं? आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणार नाही असं कुठलं पुस्तक तिथे असेल?

शिरोडेकर :
पुस्तकांचं मागाहून बघू. आधी बाजारात चपला शिवणारा बसवा. आमच्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, नवसाच्या चपला वाहतात, चामड्याच्या, हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी मी वाकून तळ निरखले आहेत. आणि एक सांगतो ताई, त्याला कथेत भूत म्हणू नका. आमचो राखणदार तो.

उपरणं :
आजोबा हेडी होते, बैलांचा व्यापार. भाव तोंडाने कधी बोलत नसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबायची. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. शेतमालाच्या लिलावातही ही हत्ता पद्धत चालायची, म्हणजे ज्याचा माल त्यालाच भावाचा पत्ता नाही. तुमच्या नायिकेचा हात उपरण्याखाली घाला. समोरच्याचा हात गार आहे की केसाळ, ते तिलाच कळू दे.

पैठणचा पाहुणा :
पुस्तकाचं उत्तर माझ्याकडे आहे. गुणाढ्याची बृहत्कथा. ‘कथासरित्सागर’ या जुन्या संस्कृत कथासंग्रहात येतं ते असं : जलक्रीडेत राणी म्हणाली ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी नको. सातवाहन राजाने मोदक मागवले! ओशाळला आणि संस्कृत शिकायचं म्हणाला. त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला ६ वर्षं लागतील, दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला ६ महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली, हरला, आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकून, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने ७ लाख श्लोक लिहिले. राजाने ते झिडकारले. मग तो एकेक पान जनावरांना वाचून दाखवून जाळत बसला. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली, रोडावली, राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर १ लाख उरले होते. आज मूळ ग्रंथ तेवढाही हाती नाही.

जळालेले ६ लाख ऐकले कोणी? दोन शिष्यांनी आणि जनावरांनी. दुकानदार कोण असावा ते आता तुम्हीच बघा.

निशाचरी :
पाहुणे, तुम्ही रात्रीची झोप घालवलीत. पहाटे तीनला उठून लिहिलं.

दुकानात कागद नाहीच. गोणीवर नुसते खडे. मागे एक हरीण बसलंय, सगळं तोंडपाठ. मोल भाषेतच चुकवायचं, गुणाढ्यासारखं. उपरण्याखाली जितकी बोटं दाबली जातील तितक्या अक्षरांचा आपला एक शब्द द्यायचा. दिला की तो पुन्हा जिभेवर येत नाही. नायिकेला दोन बोटं दाबली जातात. ती कुठला शब्द देते ते अंकातच वाचा.

शिरोडेकर :
छान. पण चपलावाला ठेवलात ना?

निशाचरी :
ठेवलाय. फक्त दुकानदार हरीण आणि चपलावाल्याकडे कातडी, म्हणून त्याला बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलाय.