मोठ्या फ्लीटमध्ये स्टार्टनंतर मोकळं पाणीच मिळत नाही – सल्ला हवा

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. कोलशेतला राहतो, वय ४१. आयएलसीए ६ ही एकट्याने चालवायची शिडाची बोट चालवतो (जुने लोक अजून रेडियलच म्हणतात). रविवारी पहाटे ठाण्याहून लोकल, मग कुलाबा, तिथे आठ-दहा बोटींची शर्यत. बहुतेक वेळा पहिल्या तिनात असतो. त्याच गुर्मीत गेल्या मोसमात हैदराबादच्या हुसेनसागरवर ७२ बोटींत उतरलो आणि तोंडावर आपटलो. ५८, ६१, ४९ आणि एकदा ब्लॅक फ्लॅगखाली (काळा झेंडा, घाईने रेषेपुढे गेल्याबद्दल) बाद.

वेग कमी पडतोय असं वाटत नाही. मोकळं पाणी मिळालं की आजूबाजूच्यांच्या बरोबरीने जातो. पण ते मिळतच नाही. अर्धं मिनिट उरलं की माझ्या खालची, म्हणजे वाऱ्यापासून दूरच्या बाजूची, जागा कुणीतरी खातं. हॉर्न वाजतो तेव्हा मी दुसऱ्या रांगेत, शीड फडफडतंय. टॅक मारून (बोट वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवून) निसटावं तर समोर स्टारबोर्डवाल्यांची, म्हणजे उजव्या अंगावर वारा घेत येणाऱ्या आणि आधी जायचा हक्क असलेल्यांची, भिंत. डिसेंबरात मुंबई बंदरात पुन्हा मोठी स्पर्धा आहे. दहाच बोटी असताना याचा सराव करायचा कसा?

सुकाणूवाली, नेरुळ
रविवारी तुमची स्टार्टची रेषा केवढी असते? आमच्याकडे पूर्वी इतकी ऐसपैस असायची की प्रत्येकाला स्वतःचं अंगण. तीच सवय मोठ्या फ्लीटमध्ये नडते. दहा बोटींना २५ मीटरची रेषा लावा. दोन रिकामे कॅन पुरतात. लागोपाठ आठ स्टार्ट घ्या, दोन मिनिटं वाऱ्यावर चढायचं की परत फिरायचं. शर्यत पुरी करायचीच नाही. पहिल्या दिवशी भांडणं होतील, होऊ द्या.

आता जागा खाण्याबद्दल. शेवटच्या मिनिटाला तुमच्या खालच्या अंगाला दोन बोटी मावतील एवढी फट हवी, कारण हॉर्नच्या आधी नाळ (बोटीचं पुढचं टोक) त्या फटीत पाडूनच वेग घ्यायचा असतो. ती राखायची तर वरच्या बोटीला हळूहळू वर रेटत राहायचं आणि सारखं मागे बघायचं. पोर्टवरून (डाव्या अंगावर वारा घेत) फिरत येणारा एखादा तुमच्या फटीकडे बघताना दिसला की लगेच नाळ त्याच्याकडे पाडा आणि बूम (शिडाचा खालचा दांडा) मोकळी सोडा. फट बुजल्यासारखी दिसते. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. गेला की परत वर. हे मला एका पंधरा वर्षांच्या पोराने शिकवलं, म्हणजे माझीच फट खाऊन शिकवलं.

तरीही कुणी मागून येऊन खाली घुसलाच, तर सुरुवातीला तुम्हाला बाजूला व्हायला जागा देणं त्याला नियमाने भाग आहे. पण तेवढी दिली की वरची बोट म्हणून बाजूला राहायची जबाबदारी तुमची. तिथे ओरडून उपयोग नाही.

पिनवाला
एवढा उपद्व्याप कशाला? रेषा कुठल्या टोकाला झुकलीय, म्हणजे कुठलं टोक वाऱ्याच्या जास्त जवळ आहे, ते बघायचं आणि त्या टोकावरून सुटायचं. मध्ये राहून पुढे कोण आलंय?

सुकाणूवाली, नेरुळ
पिनवाले, हिशोब करून बघा. ३०० मीटरची रेषा पाच अंश झुकलेली असेल तर चांगल्या टोकाला साधारण २६ मीटरचा फायदा, म्हणजे सहा बोटी. रेषेच्या मध्यावरून सुटलात तर त्याच्या निम्मं नुकसान, तीन बोटी. पण त्या टोकाला तीस जण लोंबकळत असतात आणि त्यातले पाच मोकळे सुटतात. उरलेल्या पंचवीसांचं काय झालं ते कोलशेतकरांना विचारा.

कोलशेतकर, तुम्ही टोकापासून पाव रेषा आत या. आणि खालची बोट तुमच्यापुढे नाळ काढायला लागली की तिच्या घाणेरड्या (तिच्या शिडाने ढवळलेल्या) वाऱ्यात कुढत बसू नका. तिथे एकेक मिनिट महाग पडतं. खांद्यावरून मागे बघा, टॅक मारा, पोर्टवर दोन-तीन बोटींच्या पाठीमागून जा. समोरच्याला हात करून ‘जा’ म्हणायचं आणि त्याच्या सुकाण्याला घासून निघायचं. छोट्या फ्लीटमध्ये प्रत्येक बोट कापायचा हट्ट परवडतो, इथे नाही. तीन बोटी गेल्या आणि लेन (मोकळ्या वाऱ्याची वाट) मिळाली तर सौदा स्वस्तात झाला.

जानेवारी २०२४ मध्ये ॲडलेडच्या आयएलसीए ७ जागतिक स्पर्धेत आपला भारताचा विष्णू सरवणन २६वा आला आणि त्यावर पॅरिस ऑलिंपिकचा कोटा मिळाला. एवढ्या गर्दीत रोज विसाव्या-तिसाव्याच्या आसपास राहणं हेच कसब असतं.

दिवाळेकर
मी शर्यतवाला नाही, कोळी आहे. बेलापूरच्या दिवाळ्याचा. पण हुसेनसागर तलाव आहे, इथे पाणी चालतं हे विसरू नका. उधाणाला तर जोरात चालतं. डिसेंबरात सकाळी मतलई वारा, पूर्वेकडून. तो दहा-अकराला मरतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा लागतो. वारा एकीकडून आणि ओहोटी दुसरीकडून असली की तुमच्या ७० बोटी एकत्र कुठे सरकतायत ते बघा. कॅनच्या मागे पाण्याला शेपूट दिसते ना, ती दोरी बांधल्यासारखी ताणलेली असेल तर समजा बरंच पाणी चाललंय.

सुकाणूवाली, नेरुळ
दिवाळेकर, लाखाची गोष्ट. पाणी फ्लीटला वारा येतो त्या बाजूला वर ढकलत असेल तर सगळे रेषेवर चढतात, जनरल रिकॉल होतो (सगळ्यांना परत बोलावून नवा स्टार्ट) आणि मग कमिटी काळा झेंडा काढते. पाणी उलटं असेल तर मधला भाग रेषेच्या खूप मागे राहतो. तेव्हा ज्याच्याकडे खूण आहे तो बोटीची लांबीभर पुढे सुटतो. खूण म्हणजे स्टार्टच्या आधी रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन दुसऱ्या टोकाच्या मागे किनाऱ्यावर कुठली इमारत येते ते पाहून ठेवायचं.

कोलशेतकर
बाद झालो तेव्हा खूण नव्हतीच. शेजारचे पुढे म्हणून मीही पुढे. ते सगळेच बाद झाले, ते सोडा. पण रिकॉल झाला होता, तरी मी परत का नाही उतरू शकलो?

पिनवाला
काळ्या झेंड्याचं तसंच असतं. शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क (वळसा घालायचा बोया) या त्रिकोणात सापडलात की बाद. रिकॉलनंतर शर्यत पुन्हा सुरू झाली तरी तुमचा नंबर बोर्डावर आला की घरी. यू झेंडा असता तर पुन्हा उतरता आलं असतं. ७२ बोटींत बाद म्हणजे ७३ गुण. एक वाईट शर्यत वगळायला मिळते, ती तिथेच खर्ची पडली. रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग वर्ल्ड सेलिंगच्या साइटवर फुकट आहेत, २०२५ ते २०२८ ची आवृत्ती. ३०वा नियम लोकलमध्ये वाचून होतो.

आणि हो, टोकाबद्दल माझं मत अजून तेच आहे.

कोलशेतकर
शेवटचं विचारतो. पहिल्या मार्कला पोर्टवरून आलो तर स्टारबोर्डची आगगाडी लागलेली असते, आत शिरायला फट नाही.

सुकाणूवाली, नेरुळ
मार्कच्या बारा-तेरा मीटरच्या आत टॅक मारायचं स्वप्न सोडा. तीन बोटींच्या लांबीचा तो झोन. आत टॅक मारलात आणि स्टारबोर्डवरच्या बोटीला तुमच्यामुळे वाऱ्यावर जास्त चढावं लागलं की चूक तुमची, दोन गोल फिरा. त्यापेक्षा बऱ्याच आधी त्या रांगेत शिरा. शिरताना लेलाईनवर (जिथून पुन्हा टॅक न मारता मार्क गाठता येतो ती रेषा) काटेकोर नको, दोन बोटी वर. पुढच्या वीस जणांनी वारा ओरबाडून घेतलेला असतो, जेमतेम लेलाईनवर असलेले मार्कच्या अलीकडेच बसतात.

कोलशेतकर
येत्या रविवारी २५ मीटरची रेषा लावतोय. कॅन मी आणतो. नांगराला दोन विटा बांधल्या तर चालतील ना?

दिवाळेकर
विटा नको. पहिल्याच ओहोटीत कॅन फरफटत जातील. जुनी साखळी बघा, आणि दोरी खोलीच्या तिप्पट सोडा.