सिमलिंकमुळे विंडोजवर बिल्ड मोडतोय: ठेवायच्या की काढून टाकायच्या? (मदत हवी आहे)

मेहरूणकर:

राम राम मंडळी. आमचं जळगावात छोटं ऑफिस आहे, काम रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांच्या वजनकाट्यांचं. काट्याजवळ रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर), त्यावर लिनक्स; तो सिरीयल पोर्टवरून वजन वाचतो. पेढीवर दिवाणजींचा विंडोज पीसी, त्यावर आमचाच दुसरा प्रोग्रॅम शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशोबाची पावती) छापतो. दोन्ही सी++ मध्ये, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) सीमेक या टूलवर, कोड एकाच गिट रिपॉझिटरीत (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साठ्यात).

दोन्हीकडे लागणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक हेडर फाइल, ज्यात काट्याकडून आलेलं वजन कसं उलगडायचं ते आहे. दुसरं म्हणजे पट्टीच्या नमुन्यांचं फोल्डर. आधीच्या माणसाने या दोन्ही 'सामाईक' फोल्डरमध्ये ठेवून बाकी ठिकाणी सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) टाकल्या. लिनक्सवर आणि एकाच्या मॅकवर सगळं झकास चालतं.

आता फैजपूरचा एक सहकारी विंडोज लॅपटॉपवर काम करायला लागला. त्याच्याकडे कंपायलर हेडरच्या पहिल्याच ओळीवर अडतो. फाइल उघडली तर आत कोड नाहीच, फक्त एक ओळ:

../../सामाईक/वजन.एच

त्याने मूळ हेडरमधला मजकूर त्या फाइलवर पेस्ट केला, बिल्ड झाला, गडी खूश, कमिट करून (गिटमध्ये बदल नोंदवून) मोकळा. त्यानंतर रास्पबेरी पायवर पुल केलं (नवे बदल ओढून घेतले) तर गिट म्हणतं, सिमलिंक बनवता येत नाही, 'फाइल नेम टू लाँग'. फाइलचं नाव तर आहे तेवढंच आहे! हे काय गौडबंगाल आहे?

अडचणी अशा: पेढीवरच्या पीसीवर आम्हाला अ‍ॅडमिन पासवर्ड मिळत नाही. तिकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून कधीकधी सोर्स पेनड्राइव्हवर नेऊन तिथेच बिल्ड करावा लागतो. अशात सिमलिंक टिकवायच्या कशा, की उपटून टाकू?

सातपुडा_टर्मिनल:

विंडोज १० असेल तर सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू कर आणि गिटला कोअर.सिमलिंक्स ट्रू सांग. विषय संपला. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून डेव्हलपर मोडमध्ये सिमलिंक बनवायला अ‍ॅडमिन लागत नाही.

पांझराकाठ:

भाऊ, त्याच्या लॅपटॉपवर संपला, पेढीवर नाही. डेव्हलपर मोड चालू करायलाही एकदा अ‍ॅडमिन लागतोच. आणि दिवाणजींच्या पीसीवर तो चालू ठेवू नये असं माझं मत.

मेहरूणकर, गौडबंगाल काही नाही. गिटच्या लेखी सिमलिंक म्हणजे १२०००० असा मोड (फाइलचा प्रकार सांगणारा आकडा) लावलेली नोंद, आणि तिच्यातला मजकूर म्हणजे लिंक जिकडे जाते तो पत्ता. सिमलिंक बनवता येत नसेल तिथे गिट तोच पत्ता साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. फैजपूरला दिसली ती ओळ हीच. आता अशा फाइलवर अख्खा हेडर पेस्ट करून कमिट केलं, तरी मोड १२०००० च राहतो. कोअर.सिमलिंक्स फॉल्स असताना डिस्कवर साधी फाइल दिसली तरी गिट तिला आधीच्या नोंदीप्रमाणे सिमलिंकच धरतं. मग पायवर गिट काय करणार? तुमचा अख्खा हेडर हाच 'पत्ता' समजून लिंक बनवायला जातं. लिनक्सवर पत्त्याची मर्यादा ४०९६ बाइट, हेडर त्याहून मोठा, म्हणून ती बोंब. हेडर लहान असता तर बोंबही झाली नसती, गुपचूप एक तुटकी लिंक तयार झाली असती. ते जास्त वाईट.

'गिट एलएस-फाइल्स -एस' चालवून त्या फाइलपुढचा मोड बघा, खात्री पटेल. दुरुस्तीसाठी आधीच्या कमिटमधली ती नोंद परत आणा.

आणखी एक. सिमलिंक जमतात की नाही हे गिट क्लोन करतानाच (रिपॉझिटरीची प्रत घेतानाच) तपासतं, आणि जमत नसतील तर तसं त्या रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये लिहून ठेवतं. त्यामुळे डेव्हलपर मोड नंतर चालू करून जुन्या क्लोनमध्ये फरक पडत नाही. तिथली सेटिंग बदलून त्या फाइली पुसून परत चेकआउट करा (गिटकडून नव्याने काढून घ्या), नाहीतर सरळ नवा क्लोन घ्या.

आता मूळ प्रश्न. हेडरसाठी सिमलिंक हवीच कशाला? 'सामाईक' ही सीमेकमध्ये एक इंटरफेस लायब्ररी (फक्त हेडर कुठे आहेत ते सांगणारी) करा, तिची इन्क्लूड डिरेक्टरी जाहीर करा, दोन्ही प्रोग्रॅम तिच्याशी जोडा. कंपायलर हेडर शोधून घेतो, लिंकची भानगडच उरत नाही. हेडरची सिमलिंक आज काढा.

नमुन्यांचं फोल्डर थोडं किचकट आहे, कारण ते प्रोग्रॅम चालताना लागतं.

मेहरूणकर:

आता डोक्यात प्रकाश पडला! हेडरचं आजच करतो. नमुने बिल्डनंतर कॉपी करायची कमांड लावून पाहिली होती, पण नुसता नमुना बदलला तर जुनीच पट्टी छापली जाते. फैजपूरवाला म्हणतो की जंक्शन (विंडोजची फोल्डरसाठीची लिंक) कर, त्याला अ‍ॅडमिन लागत नाही.

पांझराकाठ:

कमांड पोस्ट-बिल्डला (प्रोग्रॅम तयार झाल्यावरच्या पायरीला) लावली असणार. ती प्रोग्रॅम नव्याने लिंक झाला (म्हणजे त्याचे तुकडे परत जोडले गेले; सिमलिंकशी संबंध नाही) तरच चालते, आणि नमुना बदलल्याने प्रोग्रॅम लिंक होत नाही. त्याऐवजी वेगळं कस्टम टार्गेट करा, त्याला 'ऑल' लावा, म्हणजे ते दर बिल्डला चालेल. आत 'सीमेक -ई कॉपी_डिरेक्टरी'. सीमेक ३.२६ किंवा पुढचं असेल तर बदललेल्याच फाइली कॉपी करणारा प्रकारही आहे, 'कॉपी_डिरेक्टरी_इफ_डिफरंट'.

जंक्शन विंडोजच्या एमकेलिंक कमांडने, स्लॅश जे लावून होतं आणि अ‍ॅडमिन लागत नाही, हे खरं. पण ते फक्त फोल्डरचं होतं, त्याच पीसीच्या डिस्कपुरतं चालतं आणि पूर्ण पत्ता धरून बसतं. प्रोजेक्ट दुसऱ्या फोल्डरात हलवला की गेलं. शिवाय गिटला ते साधं फोल्डरच वाटतं, म्हणून गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) टाका, नाहीतर नमुने दोनदा कमिट होतील. साफसफाईच्या काही स्क्रिप्ट जंक्शनच्या आत शिरून मूळ फाइली पुसतात, तेही लक्षात असू द्या. लॅपटॉपवर सोय म्हणून ठीक, रिपॉझिटरीचा बिल्ड त्यावर अवलंबून नको.

सातपुडा_टर्मिनल:

गिट बॅशमध्ये (विंडोजवरच्या गिटच्या कमांड विंडोत) एलएन -एस ही सिमलिंकची कमांड मारून 'झाली की लिंक' म्हणू नका हं. तिथे डीफॉल्टला नुसती कॉपी बनते. खरी लिंक हवी तर एमसिस व्हेरिएबलमध्ये विनसिमलिंक्स:नेटिव्हस्ट्रिक्ट द्यावं लागतं.

मेहरूणकर:

बरं झालं सांगितलं, फैजपूरवाला तेच करत होता. राहिला पेनड्राइव्ह. सोर्सचं फोल्डर एक्सफॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाकतो तेव्हा लिंकांचे धिंडवडे निघतात. झिप करू का?

पांझराकाठ:

एक्सफॅटमध्ये सिमलिंक हा प्रकारच नाही. लिनक्सवर झिप करताना -वाय दिलं नाही तर लिंकच्या जागी मूळ फाइलची प्रत जाते. या दोन लिंका काढल्यावर हे दुखणं तसंही कमी होईल. तरी फोल्डर नेऊच नका, 'गिट बंडल' करा. अख्खा इतिहास एकाच फाइलमध्ये येतो, पेनड्राइव्ह कुठल्याही फॉरमॅटचा चालतो, आणि पेढीवर त्या फाइलवरूनच क्लोन किंवा पुल करता येतं. तिथे केलेले बदल परत आणायलाही तसंच बंडल.

मेहरूणकर:

शनिवारी सावद्याला जायचंय, बंडल घेऊनच जातो. हेडरचा बदल पायवर आणि विंडोजवर दोन्हीकडे बिल्ड झाला आहे. नमुन्यांचं टार्गेट तिथे चाललं की कळवतो, तोवर धागा उघडा ठेवतो.