मदत हवी आहे : रात्रीतून टाकीतलं पाणी उतरतं, फरशीखालची गळती नेमकी कुठे ते कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, काळ्या मातीच्या जागेवर आहे. स्लॅबवर १००० लिटरची टाकी, तिच्यात बोअरचं पाणी चढवतो. गेल्या महिन्यापासून रात्री सगळे नळ बंद असूनही सकाळी टाकी उतरलेली असते. आतून कोळशाने रेघ मारून ठेवली, तर एका रात्रीत चार बोटं पाणी कमी. एवढ्या टाकीत चार बोटं म्हणजे साठ-सत्तर लिटर! उन्हाळा तोंडावर आलाय आणि मोटर आताच मधेमधे हवा ओढते.

काय काय तपासलं ते सांगते. संडासच्या फ्लश टाकीत नीळ घालून अर्धा तास कोणाला जाऊ दिलं नाही. भांड्यात निळं पाणी उतरलं नाही, म्हणजे तिथलं वायसर ठीक. मोटरचा पाइप टाकीत वरून पडतो, त्यामुळे पाणी उलटं बोअरमध्ये जाण्याचा प्रश्न नाही. मग टाकीखालचे कॉक रोज रात्री एकेक करून बंद ठेवले. न्हाणीचा कॉक बंद असला की रेघ हलत नाही. गळती त्याच लाइनवर, हे पक्कं.

ही लाइन भिंतीतून उतरून मधल्या खोलीच्या फरशीखालून मागे जाते. सामसूम झाल्यावर न्हाणीच्या नळाला लोखंडी सळई टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं तर बारीक सूं सूं ऐकू येतं, पण जागा कळत नाही. मागच्या अंगणाला भेगा पडल्यात, फक्त भिंतीच्या पायाशी हातभर माती ओली असते. तरी पाइप तिथेच फुटला असेल असं नाही, पाणी आतून वाट काढत तिथे निघत असेल.

मला संशय मातीचाच आहे. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, आणि मिस्त्रीने पाइप खाली वाळू-मुरूम न घालता थेट मातीत दाबलाय. सांधा निसटला असणार. त्याच भिंतीला आता तिरपी चीर गेलीय, म्हणून जास्त काळजी वाटते. पायात पाणी मुरत राहिलं तर भिंत किती दिवस धरेल?

प्लंबर म्हणतो, सगळी फरशी फोडा. त्या खोलीत मामाजी झोपतात, त्यांना उठबस होत नाही. म्हणून विचारते :

पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून प्रेशर पंप लावला तर फक्त गळती आहे एवढंच कळतं, की जागाही सापडते? यवतमाळ-अमरावतीकडे आवाजाच्या मशीनने जागा शोधणारं कोणी येतं का, आणि साधारण किती घेतात?

की फरशीखालची लाइन कायमची बंद करून बाहेरच्या भिंतीवरून सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपाची) नवीन लाइन न्यावी? माझं मन इकडेच झुकतंय, पुढे गळालं तर डोळ्यांना दिसेल तरी. पण आमची ती भिंत पश्चिमेची. मे महिन्यात पाणी चटका देईल आणि उन्हाने पाइप ठिसूळ होईल. कोणी वरून रंग मारून किंवा काही गुंडाळून असा पाइप टिकवलाय का? काय वापरलं, किती वर्षं झाली, तेवढं नक्की सांगा.