अनुभव: कुणीतरी मुद्दाम मोडलं, फोडलं, खरवडलं... तुम्ही काय केलंत?

केळीची_वाडी
काल संध्याकाळी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) वाडीतल्या क्रुसापाशी गेलो तर कठड्याच्या तीन फरश्या फोडलेल्या, दिव्याची काच खाली, बाजूला बिअरची बाटली. आमच्या वाडीतली पोरं लगेच पेटली, समोरच्या दुकानाचा कॅमेरा बघू, धरू, हात मोडू. माझ्याही डोक्यात तेच होतं खरं सांगते. पण घरी येताना १९९३ चा नाताळ आठवला आणि रात्रभर झोप नाही आली म्हणून इथे लिहितेय.

मी सातवीत. वाडीतल्या मोठ्या पोरांनी पंधरा दिवस खपून विहिरीकाठी गोठा (येशूजन्माचा पुतळ्यांचा देखावा) केलेला, पेंढा शाकारून, ट्रेमध्ये नाचणी पेरून हिरवळ. २३ तारखेच्या रात्री कोणीतरी योसेफाचा हात मोडला, चांदणी फाडली, मेंढरं विहिरीत टाकली. बाळ येशू तेवढा वाचला कारण तो २४ च्या रात्रीच ठेवतात, तोवर आमच्या कपाटात होता. कोणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं, शेजारच्या आळीतले चौघं, क्रिकेटच्या मॅचवरून भांडण झालेलं. आमची पोरं त्यांचा गोठा फोडायला निघाली. बाबा मध्ये उभे राहिले नि म्हणाले आधी मेंढरं काढा, ती पाण्यात विरघळतील. गळ टाकून मेंढरं काढण्यात दुपार गेली, राग अर्धा तिथेच उतरला. मग बाबा एकटेच त्या आळीत गेले आणि चौघांतल्या ज्याचा हात प्लास्टरच्या कामात बसलेला त्याला म्हणाले, आमच्या योसेफाचा हात मोडलाय, येतोस का जोडायला. कोणी मोडला ते विचारलंच नाही. तो आला. मान वर न करता दोन तास काम केलं, चहा न पिता गेला. कबूल काही केलं नाही त्याने, आजतागायत नाही. आईला ते अजिबात पटलं नव्हतं, ती म्हणायची तुम्ही विचारायला हवं होतं, ती पुढे कित्येक वर्षं त्या घरच्या लग्नाला गेली नाही.

आता बाबा नाहीत. मला कळत नाहीये बरोबर कोण होतं, आई की बाबा. तुमचे अनुभव सांगा.

नगरी_चिवडा
ताई आमचं दुःख वेगळं आहे, दफनभूमीतून आजोबांच्या कबरीवरचा लोखंडी क्रूस कापून नेला. भंगारात काय येणार त्याचे, शंभर दीडशे? वडील तर तिथेच खाली बसले. मी पाळकसाहेबांना म्हटलं मी माफ केलं असं तोंडाने म्हणू शकत नाही. ते म्हणाले नको म्हणू, आधी हिशोब कर. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋण म्हणतो ना, आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. ऋण सोडायचं तर आकडा माहीत पाहिजे, काय गेलं ते नीट मोजल्याशिवाय सोडलं काय आणि नाही काय. मग आम्ही घरी बसून खरंच लिहून काढलं, लोखंड एवढं, वेल्डिंग एवढं, वडिलांचे अश्रू (ते लिहिता येईना). बायबलातल्या फिलेमोनाच्या पत्रात संत पौल लिहितो की त्याने तुझं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. तुमच्या बाबांनी आकडा न मोजता सोडलं, आई मोजत बसली. दोघांनी मिळून झालं असतं बघा.

साबुदाणा
खूप वाईट वाटलं वाचून 🙏 दिव्याला काच नको आता, पॉलीकार्बोनेटचं कव्हर घ्या, दगड मारला तरी फुटत नाही.

काळा_कोट
थोडं वेगळं मत मांडते, राग नसावा. क्षमा म्हणजे गप्प बसणं असं आपल्याकडे फार बिंबवलेलं आहे, विशेषतः बायकांवर. दुसरा गाल पुढे कर म्हणणाऱ्या प्रभूला जेव्हा महायाजकासमोर शिपायाने चापट मारली तेव्हा तो गप्प नाही राहिला, त्याने विचारलं की मी योग्य बोललो तर मला का मारतोस (योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १८). आणि पौल! फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं, दुसऱ्या दिवशी गुपचूप जा म्हणाले तर तो म्हणाला आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. म्हणजे विचारणं हे पाप नाही. ताई तुमच्या आईचं काहीही चुकलेलं नव्हतं.

तक्रारीचं म्हणाल तर एक सांभाळा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात पूजास्थानाची नासधूस कलम २९८ (जुन्या दंड संहितेतलं २९५), पण त्याला धर्माचा अपमान करण्याचा हेतू लागतो. दारू पिऊन फरशी फोडणाऱ्या पोरावर ते लावायला गेलात तर वाडीवाडीत पेटेल, त्या पोराचं आयुष्य वाया जाईल आणि सिद्धही होणार नाही. साधं नुकसान केल्याचं कलम ३२४ आहे, तेवढं पुरे. बहुतेक वेळा ठाण्यात आईबापाला बोलावलं की काम होतं.

केळीची_वाडी
@काळा_कोट आईबद्दल जे लिहिलंत ते वाचून रडले. दुपारी तिला वाचून दाखवते, ८१ ची आहे, ऐकू कमी येतं.

गावठाणातला
मी फोडणाऱ्यांतला आहे. आजपर्यंत बायको सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. वांद्र्याच्या आमच्या गावठाणातला क्रूस, प्लेगच्या साथीत बांधला, १८९६ नंतर असे पुष्कळ बांधले गेले इकडे. आम्ही पैज लावून त्यावरचा बल्ब गोट्याने फोडला, १४ वर्षांचा होतो. मजा वगैरे काही नाही आली, आवाज झाला आणि आम्ही पळालो. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) पापनिवेदनाला गेलो तेव्हा सांगून टाकलं. मला वाटलं फादर दहा वेळा प्रार्थना म्हणायला लावतील. ते म्हणाले बायबलातल्या त्या जकातदाराने, जक्कयाने, किती पट परत केलं? मी म्हटलं चौपट. मग चार बल्ब आण म्हणाले, आणि ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी तो दिवा तूच लावायचा. खाऊच्या पैशात चार बल्ब म्हणजे दोन आठवडे वडापाव बंद. आणि दिवा लावायला रोज गेलो की लदीन (क्रुसापाशी म्हणायची प्रार्थना) म्हणायला बसलेल्या म्हाताऱ्या उकडलेले चणे द्यायच्या, पोरगं किती भाविक म्हणायच्या, ते चणे गिळायचे नाहीत मला. ती खरी शिक्षा होती. शेवटी त्यातल्या एकीला मीच सांगितलं. तिने चण्यांची अख्खी पुडीच हातात दिली. काही बोलली नाही.

ताई त्या योसेफवाल्या मुलाला विचारा एकदा. तो पन्नाशीला आला असेल. कदाचित वाट बघत असेल कोणी विचारायची.

साबुदाणा
@गावठाणातला 😭😭 चणे

पावसाळी_छत्री
इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहते, जुन्या कॅथेड्रलचे अवशेष चालत जाण्याच्या अंतरावर. १४ नोव्हेंबर १९४० ला बॉम्ब पडले, ते काही किरकोळ तोडफोड नव्हे, तरी लिहावंसं वाटलं. वेदीमागच्या भिंतीवर फक्त "पित्या, क्षमा कर" एवढंच कोरलंय, "त्यांना" नाहीये. मुलाने विचारलं त्यांना का नाही, मी म्हटलं कारण आपणही त्यात आलो. मागच्या महिन्यात आमच्या दाराबाहेरची कुंडी कोणीतरी लाथेने फोडली तेव्हा मात्र मी तोंडाला येईल ते बोलले मराठीत, मुलगा समोर होता, तो म्हणाला आई भिंत आठव. बरं या थंडीत झेंडू टिकतो का बाहेर, कोणी सांगेल?

दोन_नंबर_गल्ली
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? नव्या गाडीवर सोसायटीतल्या पोराने खिळ्याने ओरखडा ओढला, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी त्याच्या बापाशी कडाडून भांडलो, आजही बोलत नाही. खालच्या मजल्यावरच्या आंटींनी त्या नाताळात त्या पोराला फराळाचं ताट घेऊन आमच्याकडे पाठवलं, मुद्दाम त्यालाच. दारात उभा, मान खाली, ताटात फुगे, ते तळलेले गोळे. मी ताट घेतलं, आत ये नाही म्हणालो. सात वर्षं झाली, ते अजून टोचतं. ओरखडा तर गाडीबरोबर विकला.

नगरी_चिवडा
@दोन_नंबर_गल्ली अजून बोलवू शकता हो. आमच्याकडे फुगे होत नाहीत, करंज्या नि शंकरपाळे. कसे करतात?

गावठाणातला
मैदा, अंडी, नारळाचं दूध, आधी ताडीने फुगवायचे, आता सगळे यीस्ट घालतात. हातातून पीठ पिळून तेलात सोडायचं, गोल झाला पाहिजे. प्रमाण बायकोला विचारून सांगतो.

केळीची_वाडी
आईला दोन्ही वाचून दाखवलं, ऋणाचं पण. ती म्हणाली हात कोणी मोडला ते तुझ्या बाबांनाही माहीत होतं, मलाही, पण त्या पोराच्या तोंडून ऐकायचं होतं मला. मग म्हणाली त्याला बोलव, फरश्या तोच चांगल्या बसवतो. (हो, तो आता फरशीचंच काम करतो, मी लिहायला विसरले.) फोन केला. शनिवारी सकाळी येतो म्हणाला. कॅमेरा आम्ही बघितला, चेहरा दिसत नाही, पोरांना सांगितलंय शोध चालू ठेवा पण हात लावायचा नाही, सापडला तर माझ्याकडे आणा, फरशीचं बिल मी त्याच्यासमोर ठेवणार आहे.

@गावठाणातला ताडी आमच्याकडे मिळते अजून, पण पहाटे सहाच्या आत जावं लागतं, नंतर आंबट होते.