सार्वजनिक रुग्णालयांत तातडीच्या दंतसेवेचा वापर कशामुळे वाढतो?

प्रश्न
दातदुखीसाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांपैकी बरेच जण दुखणे दीर्घकाळ अंगावर काढून आलेले असतात आणि काही जण त्याच तक्रारीसाठी पुन्हा येतात. याचे मुख्य कारण रुग्णांचे अज्ञान मानावे, की सेवेच्या रचनेतच त्याचे मूळ आहे? आरोग्यसेवेच्या वापरावर टिपण लिहीत आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
अज्ञानावर इतका भर देऊ नये. आरोग्यसेवांचे अभ्यासक रोनाल्ड अँडरसन यांनी 1968 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार सेवेचा वापर वय, शिक्षण व समजुती, सेवेपर्यंत पोहोचण्याची साधने आणि प्रत्यक्ष गरज यांवर ठरतो. दातांच्या बाबतीत साधनांचे पारडे जड असते. अनेक देशांत प्रौढांच्या दंतोपचारांना सरकारी संरक्षण नाही किंवा असलेच तर त्रोटक आहे. नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी लांबते, आणि बाह्यरुग्ण विभाग नेमका कामाच्या वेळेत उघडा असल्याने जाणाऱ्याची मजुरी बुडते. तोवर कीड दंतमज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या आतील नसा असलेल्या मऊ भागापर्यंत, पोहोचलेली असते.

प्रतिसाद २
दंतवैद्य या नात्याने पुनर्भेटींबद्दल लिहितो. सर्वसाधारण तातडीच्या विभागात बहुधा दंतवैद्य नसतो, त्यामुळे वेदनाशामके आणि प्रतिजैविके देऊन रुग्णाची बोळवण होते. दंतमज्जेच्या दाहावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. ठणका थांबला की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते, यात त्याचा दोष तो किती? मात्र सगळ्याच भेटी टाळण्याजोग्या नसतात. जबड्याखाली पसरलेला जंतुसंसर्ग श्वासमार्ग रोखू शकतो, आणि मार लागून निखळलेला कायमचा दात शक्यतो अर्ध्या तासाच्या आत जागेवर बसवावा लागतो.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादात भीतीचा उल्लेख राहून गेला. दंतोपचाराची धास्ती असलेली व्यक्ती सेवा मोफत असूनही जात नाही. दुखणे बळावते, उपचार अधिक त्रासदायक होतो आणि धास्ती आणखी वाढते. हे केवळ शुल्क कमी करून सुटणारे नाही. टिपणासाठी आकडेवारी गोळा करणार असाल, तर निदानासोबत रुग्णाची मागील नियोजित तपासणी केव्हा झाली आणि पुढची वेळ त्याला तिथेच ठरवून मिळाली का, याचीही नोंद घ्यावी.